पोर्ट येईपर्यंत थांबा

हे बघा, मध्येच हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि सांगून झालं की माझ्या सासूबाईंसमोर हा विषय काढायचा नाही. त्या स्वतःहून काढतात, ते वेगळं!

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन फोन आत्ता घेऊ की थांबू? पुढच्या मॉडेलला चार्जिंगचं पोर्ट बदलणार आहे म्हणे. तू तर त्यातला एक्स्पर्ट!" एक्स्पर्ट म्हटल्याबरोबर मी आधी वळून बघितलं, बायको जवळपास नाही ना. होती. सोफ्यावर बसून ती इतकी हसली, इतकी हसली, की भाच्याला तिकडे ऐकू गेलं. त्या पोराला बिचाऱ्याला काय माहीत?

तर ऐका. गोष्ट सोळा-सतरा सालची. मी मूळचा नागपूरचा मेश्राम, इंजिनियरिंग पुण्यात केलं आणि नोकरीला इकडे जर्मनीत बॉबलिंगेनला आलो. काम काय? प्लग! गाडीच्या वायरिंगमध्ये ते बारके बारके प्लग असतात ना, ते मी तपासतो. आमच्या लॅबमध्ये एक मशीन आहे. ते दिवसभर प्लग घालतं, काढतं, घालतं, काढतं. आणि कितव्यांदा तो ढिला झाला हे मी लिहून ठेवतो. हसू नका म्हटलं ना? याच कामासाठी मला सात समुद्र ओलांडून बोलावलंय.

म्हणजे चार्जिंगच्या पोर्टवर बोलायचा अधिकार अख्ख्या जगात कुणाला असेल तर तो मला, अशी माझी पक्की समजूत होती. आणि मी बोलायचोही. आमचा इथल्या मराठी मंडळींचा फोनवर ग्रुप आहे. तिथे कुणी चुकून जरी लिहिलं, "नवीन फोन बघतोय, कुठला घेऊ?" तरी माझा निबंध तयार.

"थांबा! जुनं पोर्ट आता संपलं. टाइप-सी येतंय. जुनी पिन कशी जाते बघा. आधी घातली की जात नाही. उलटी करून घातली की जात नाही. पुन्हा पहिल्यासारखी केली की जाते. का? कारण डिझाइनच चुकीचं! नव्या पिनेला उलटं-सुलटं काही नाही. डोळे मिटून घाला!"

मग कुणीतरी विचारायचं, "अरे पण टाइप-सीवाले फोन आलेत की बाजारात, मग घेऊ ना?"

त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. "पहिली सिरीज घ्यायची नसते. पहिली सिरीज म्हणजे कंपनी आपल्यावर टेस्टिंग करत असते. मी स्वतः टेस्टिंगमध्ये आहे, मला माहितेय."

आता पहिली सिरीज घ्यायची नाही म्हटल्यावर दुसरीची वाट बघायची. दुसरी आली तर त्यात फास्ट चार्जिंग नाही, मग तिसरीची. असं करत वर्ष गेलं. लोक मला 'पोर्टवाले मेश्राम' म्हणायला लागले आणि मी ते कौतुक समजत होतो, बोला!

ग्रुपमधल्या एकानंच माझं ऐकलं नाही. विनोद सोनवणे, नाशिकचा पोरगा, र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. दुकानात आंगेबोट लागला, म्हणजे सवलतीचा सेल, आणि त्यानं सरळ जुन्या पोर्टचा फोन उचलून आणला. वर ग्रुपवर फोटो टाकला. मी त्याला काय काय बोललो! "सोनवण्या, इंजिनियर ना तू? मरणपंथाला लागलेलं पोर्ट घेतलंस? वर्षभरात पस्तावशील." त्यानं फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. मला वाटलं, पटलं त्याला.

आणि माझा स्वतःचा फोन? अहो, त्याची अवस्था कुणाला सांगण्यासारखी नव्हती. पोर्ट इतकं ढिलं झालेलं की माझ्याच मशीनवर पहिल्या झटक्यात नापास झालं असतं. वायर घालायची, तिला फोनभोवती दोन वेढे द्यायचे, वर रबरबँड, खाली बसच्या तिकिटाची घडी, आणि मग फोन पालथा घालून टेबलाच्या कडेला टेकवायचा. त्यानंतर श्वास रोखून मागे सरकायचं. घरात कुणी जोरात चाललं तरी चार्जिंग बंद.

"अरे, घे की एकदाचा नवीन!" प्रज्ञा म्हणायची. प्रज्ञा म्हणजे माझी बायको.

"थोडं थांब गं. तिसरी सिरीज येतेय."

"तिसरी सिरीज येईपर्यंत आपलं बाळ शाळेत जाईल, मेश्राम!"

बायकोनं मला मेश्राम म्हटलं की समजायचं, पाणी डोक्यावरून चाललंय. हो, बाळाचं सांगायचं राहिलंच. प्रज्ञाला नववा लागला होता. पहिलंच बाळंतपण, तेही परक्या मुलखात. दिवसा ती सगळ्यांशी हसून बोलायची, पण एकदा स्वयंपाकघरात कांदा न चिरताच रडताना मला दिसली. म्हणाली, "आई येईपर्यंत काही होऊ नये रे. आई आली की मग मला कशाचीच भीती नाही."

आईंना यायचं होतंच, पण व्हिसाचा कागद काही केल्या हलत नव्हता. शेवटी तो मिळाला तेव्हा बाळंतपणाच्या तारखेला जेमतेम तीन आठवडे उरलेले. माझ्या सासूबाई म्हणजे साध्यासुध्या नाहीत हां. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. अख्खी वस्ती त्यांना वानखेडे सिस्टर म्हणते, आणि वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. पण विमानात कधी बसलेल्या नव्हत्या. इंग्रजी दवाखान्यापुरतं, जर्मनचा तर प्रश्नच नाही.

निघायच्या दोन महिने आधी त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, "जवाईबापू, माझा फोन लय त्रास देऊन राहिला. पिन बसतच नाही त्याची. जर्मनीले यायच्या आधी नवीन घेऊन टाकू काय?"

आणि मी काय सांगितलं असेल?

अगदी बरोबर. तोच निबंध! पहिली सिरीज, दुसरी सिरीज, उलटं-सुलटं, सगळं. शेवटी म्हणालो, "आई, तुम्ही आत्ता अजिबात घेऊ नका. मी वर्षभर थांबलोय. नवीन पोर्ट मिळालं की सगळा प्रश्न मिटेल."

"वर्षभर थांबले?" त्या हळहळल्या. "बाप्पा! मग नाही घेत मी. तुम्हाले जास्त समजते."

तुम्हाला जास्त समजतं! हे वाक्य मी पुढचे दोन दिवस मनात घोळवलं, खोटं कशाला सांगू? सासूनं जावयाला असं म्हणणं ही काय रोजची गोष्ट आहे?

आणायला जायच्या आदल्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "आईला एक जागा ठरवून सांग. अमुक दारापाशी, अमुक दुकानापाशी. फ्रँकफर्टचा विमानतळ केवढा आहे तुला माहितेय ना?"

"जागा कशाला? फोन आहेत ना दोघांकडे! त्या बाहेर आल्या की फोन करतील, मी सांगेन कुठे यायचं ते."

"तुझा फोन? त्या रबरबँडवाल्या फोनवर माझ्या आईला आणायला निघालास तू? माझा घेऊन जा."

"आणि तुला काही झालं तर तू कुणाला कशी बोलावशील? मुळीच नाही." इथे मात्र मी बरोबर होतो. या अख्ख्या गोष्टीत मी बरोबर असलेली ही एकच जागा आहे, म्हणून सांगून ठेवली.

सकाळी फोन शंभर टक्के भरून निघालो. आता बॉबलिंगेनहून फ्रँकफर्ट म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. पण हायवेवर श्टाऊ! श्टाऊ म्हणजे गाड्यांची ही लांबलचक रांग. पुढे काम चाललेलं, म्हणून वाहतूक दुसरीकडून वळवलेली. मी फोनवर नकाशा लावला. नकाशा बॅटरी खातो, म्हणून गाडीतल्या चार्जरला जोडला. रबरबँड लावला, तिकिटाची घडी ठेवली. गाडी जरा हलली की टुंग, चार्जिंग बंद. हात लावला की टुंग, सुरू. पुढे वळण आलं की टुंग, पुन्हा बंद. इतक्या वेळा तो फोन टुंग म्हणाला, आमच्या मशीनलासुद्धा माझी दया आली असती.

पार्किंगमध्ये गाडी लावली आणि फोनकडे बघितलं तर काळाठिक्कर. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही.

म्हटलं, हरकत नाही. दारापाशी उभा राहतो, आई बाहेर आल्या की दिसतीलच. बोर्डावर विमान उतरल्याचं आलेलं होतं. उभा राहिलो. लोक येत होते, मिठ्या मारत होते, फुलं देत होते. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. नागपुरी सुती साडीवर स्वेटर घातलेलं एकही माणूस बाहेर आलं नाही.

मग शेजारी नातेवाइकाची वाट बघणाऱ्या एका गुजराती काकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे भाई, इस फ्लाइट का तो उधर से भी निकलते हैं. दो दरवाजे हैं ना!"

दोन दारं! मी पळत सुटलो. दुसऱ्या दारापाशी आलो तर तिथे कुणी नाही. वाटलं, आई तोपर्यंत पहिल्या दाराकडे गेल्या असतील. पुन्हा पळत पहिल्याकडे. पुन्हा दुसऱ्याकडे. माझं लॅबमधलं मशीन जे दिवसभर करतं तेच मी करत होतो, आत-बाहेर, आत-बाहेर, फक्त मोजायला कुणी नव्हतं.

खरं सांगतो, त्या वेळी मला हसू वगैरे येत नव्हतं. पासष्ट वर्षांची बाई, पहिल्यांदा देशाबाहेर आलेली, भाषा येत नाही, आणि तिकडे घरी दिवस भरत आलेली बायको दर पाच मिनिटांनी फोन लावत असणार. तिच्या जिवाला काही झालं तर? धास्तीनं कळा सुरू झाल्या तर? तर मी कुठे? विमानतळावर, हातात मेलेल्या फोनची वीट घेऊन!

चौकशीच्या काउंटरवरची बाई फार चांगली होती. तिनं सासूबाईंचं नाव माइकवर पुकारलं. एकदा नाही, तीनदा. ते मलाच ओळखू आलं नाही, आईंना काय ओळखू येणार?

शेवटी एका कॅफेत शिरलो, भिंतीत प्लगची जागा दिसली तिथलं टेबल धरलं आणि फोन जोडला. रबरबँड गाडीत राहिलेला. मग काय, अंगठ्यानं पिन वर दाबून धरली, दुसऱ्या हातानं फोन तिरका केला, कोपर भिंतीला टेकवलं आणि तसाच ओठंगून उभा राहिलो. कॉफी आणणाऱ्या मुलीनं विचारलं, "आलेस गुट?" म्हणजे सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, "जा, जा, गेनाऊ." म्हणजे हो, हो, अगदी. अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या.

बऱ्याच वेळानं स्क्रीन उजळला. दोन टक्के! आणि धडाधड मेसेज. प्रज्ञाचे मिस्ड कॉल मोजायला सवड नव्हती. पहिला मेसेज, "कुठे आहेस?" दुसरा, "मेश्राम, कुठे आहेस???" मधले दहा वाचण्यासारखे नव्हते. शेवटचा होता, "आई विनोदकडे पोचली. तू आता..."

मी आनंदानं हात वर केला आणि अंगठा सुटला. टुंग!

तू आता काय? तू आता तिकडे जा? तू आता घरी येऊच नकोस? काहीही असू शकत होतं. पण आई सापडल्या होत्या! मी त्या कॅफेत, चारचौघांत, डोळे पुसले. कॉफीवाल्या मुलीनं मला न मागता एक पेपर नॅपकिन आणून दिला.

आता तुम्ही म्हणाल, विनोदकडे? हा विनोद कुठून आला मध्येच? मलाही ते नंतर कळलं. तिकडे काय घडलं ते ऐका.

आई दुसऱ्या दारानं बाहेर आल्या. फोन काढला. त्यांच्याही फोननं मान टाकलेली. का? त्या विमानात रात्रभर कानाला वायर लावून भीमगीतं ऐकत आल्या होत्या, आणि सीटसमोर चार्जिंगची सोय असून पिन बसेना. पिन का बसेना? कारण नवीन फोन घेतला नव्हता. का घेतला नव्हता? जाऊ द्या.

पण वानखेडे सिस्टर घाबरतात होय? त्यांनी पर्समधून डायरी काढली. सगळे नंबर शाईच्या पेनानं लिहिलेले. शेजारी पाठीवर भली मोठी सॅक घेतलेली एक जर्मन मुलगी उभी होती. तिला डायरी दाखवली, कानाशी हात नेला, "प्लीज" म्हणाल्या. मुलीनं लगेच आपला फोन दिला.

पहिला फोन मला. माझा बंद. आणि बंद फोनवर काय होतं? कंपनीची ती रेकॉर्ड केलेली बाई बोलते, जर्मनमध्ये, गोड आवाजात. आईंनी दोनदा लावला, दोन्ही वेळा तीच बाई! मग त्यांनी घरी लेकीला फोन लावला. पहिलं वाक्य काय असेल?

"प्रज्ञा, मी पोचली. घाबरू नको. पण एक सांग, जवाईबापूचा फोन कोणती बाई उचलून राहिली?"

कल्पना करा! नववा महिना, आई विमानतळावर एकटी, नवरा बेपत्ता, आणि त्याच्या फोनवर बाई. प्रज्ञा म्हणते, ती इतकी हसली की पोटातलं बाळसुद्धा लाथा मारायला लागलं. "आई, ती बाई सगळ्यांच्याच फोनवर असते गं! तू तिथून हलू नकोस. मी कुणाला तरी पाठवते."

आणि मग तिनं ग्रुपवरच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. एकाचा बंद. दुसऱ्याचा आवाज तुटतोय. तिसरा म्हणाला, "वहिनी, लवकर बोला, तीन टक्के उरलेत, मी टाइप-सीसाठी थांबलोय." सगळे माझे विद्यार्थी! पहिल्याच रिंगला, खणखणीत आवाजात, ऐंशी टक्के बॅटरीवर फोन कुणी उचलला असेल?

सोनवण्यानं. मरणपंथाला लागलेल्या पोर्टवर.

र्युसेल्सहाइम विमानतळाच्या अगदी शेजारी. शनिवार होता, पठ्ठ्या घरीच होता. पंधरा मिनिटांत हजर. त्यानं मलाही शोधलं म्हणे, दोन्ही दारांपाशी. पण ते दोघं पहिल्या दाराकडे आले तेव्हा मी दुसऱ्याकडे पळालेला, आणि ते दुसऱ्याकडे गेले तेव्हा मी पहिल्याकडे. प्रज्ञाच म्हणाली, "त्याला राहू दे. आईला घरी ने आणि काहीतरी गरम खायला घाल."

मी नकाशाशिवाय, रस्त्यावरच्या पाट्या वाचत, दोनदा चुकून, एकदा त्याच चौकातून तीन फेऱ्या मारून विनोदच्या घरी पोचलो. दार त्यानंच उघडलं. नुसते हात जोडले, त्या ग्रुपवरच्या चित्रासारखे.

आत आई सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात पोह्यांची बशी. आणि शेजारी त्यांचा फोन विनोदच्या चार्जरला लावून, खाली पुस्तक ठेवून, व्यवस्थित चार्ज होत होता. जुनी पिन, जुनं पोर्ट. जरा पुस्तकाचा टेकू दिला, झालं काम.

मी आत गेलो आणि सरळ त्यांच्या पाया पडलो. "आई, माझं चुकलं. मी... माझा फोन..."

"काहून रडून राहिले, जवाईबापू?" त्यांनी माझा चेहरा वर केला आणि नर्ससारखं डोळ्यांत बघितलं. "सकाळपासून काही खाल्लं नाही ना? विनोद, बाबू, यांच्यासाठी पोहे आण आधी. मी काय लहान लेकरू हाय हरवाले? लोकं चांगले हायेत इथचे. त्या पोरीनं तर मले पाणी घेऊन दिलं."

प्रज्ञाला विनोदच्या फोनवरून फोन केला. ती मला काय म्हणाली ते तुम्हाला सांगायची गरज नाही. शेवटी मात्र तिचा आवाज ओला झाला. "आई जेवली? तू जेवलास? या लवकर दोघं." मला तेवढं पुरे होतं.

पोहे खाल्ल्यावर जरा जिवात जीव आला. तेव्हा आईंनी पर्स जवळ ओढली. तीच पर्स, जी विमानतळावर पूर्ण वेळ त्यांच्या काखेत होती. आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. वर्तमानपत्राखाली प्लास्टिकची पिशवी, पिशवीखाली रुमाल. आणि रुमालात एक खोका.

"घ्या. तिथं घरी पोचल्यावर देणार होती, पण तुमचं तोंड पाहून राहवत नाही."

खोका बघितला आणि मी सुन्न झालो. नवाकोरा फोन! टाइप-सी!

"तुम्ही म्हटलं ना, वर्षभर थांबून राहिले म्हणून," आई सांगायला लागल्या. "माझ्या मनाले लागलं ते. म्हटलं, एवढा मोठा जर्मनी देश, पण तिथं बिचाऱ्याले ते नवीन पोर्ट मिळून नाही राहिलं. तर मी आपल्या सीताबर्डीवर गेली. पहिल्याच दुकानात विचारलं. दुकानदार म्हणे, मावशी, किती पाहिजे?"

विनोद उठून स्वयंपाकघरात गेला. तिथून त्याच्या खोकण्याचा आवाज येत होता. खोकत नव्हता तो, मला काय कळत नाही?

"पण आई," मी विचारलं, "तुमचा फोन इतका खराब होता, तर स्वतःसाठी का नाही घेतला?"

"तुम्हीच तर म्हटलं होतं, घेऊ नका. तुमचं ऐकलं मी."

"बरं, मग विमानतळावर तुमचं सिम यात टाकून मला... म्हणजे प्रज्ञाला तरी..."

"असं कसं?" आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दवाखान्यात चपला घालून ऑपरेशनच्या खोलीत शिरलोय. "जवाईची भेट हाय ती. सील फोडून, वापरून देते काय कोणी?"

म्हणजे बघा. दोन दारांमध्ये आम्ही दोघं, दोघांच्या हातात मेलेले फोन, दोघांचे मेले ते माझ्याच सल्ल्यानं. आणि ज्याच्यासाठी मी वर्षभर अख्ख्या मराठी मंडळाला थांबवून ठेवलं तो फोन त्यांच्या काखेत, सीलबंद! मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

विनोद परत आला. "अहो पोर्टवाले, उद्घाटन करा की!"

खोका उघडला. फोन, चार्जर, नवीन वायर. भिंतीत चार्जर लावला, एका हातात फोन घेतला, दुसऱ्या हातात पिन. आणि काय सांगू, इतक्या वर्षांची हाताची सवय! पिन डोळ्यांजवळ नेली, वरची बाजू कुठली ते बघितलं. उलटी केली. छे, असं नसावं. पुन्हा सुलटी केली. पोर्टात डोकावलो. चष्मा वर केला.

आई शांतपणे बघत होत्या. मग हातातला चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या,

"काय शोधून राहिले, जवाईबापू? दुकानदारानं सांगितलं मले, याले उलटं-सुलटं काही नसते. कसंही घाला, जाते. इंजिनियर लागत नाही म्हणे याले!"